दोन मडकी आणि एक कमळपक्षी

कमळपक्षी नेमकं खातो काय, हे दुपारच्या आत शोधून काढायचंच, असा विडा पुष्पलतेनं उचलला होता! उशीर झाला तर पक्षीच उरणार नव्हते.

"शिंगाडे फस्त करून राहिले ते," तलाववाले नत्थूजी म्हणाले होते. "दुपारी फासे लावतो!"

त्रेपन्न सालचा आश्विन. नागपुराबाहेर, उमरेडच्या रस्त्यावरचा तलाव. मोहिमेत नववीतल्या दोघीच : कोष्ट्याची पुष्पलता आणि तिची मैत्रीण प्रेमिला. जहाज म्हणजे दोन पालथ्या मडक्यांवर बांधलेली नत्थूजींची फळी. एका मडक्याची दोरी सुटली होती. पुष्पलतेनं मागावर तुटलेलं सूत जोडतात तशी इवलीशी गाठ ऐटीत मारली. सुताला ती घट्ट बसते. काथ्याला?

तलावाच्या मधोमध गाठ निसटली! मडकं गडप! दोघी गळ्याइतक्या पाण्यात, पायांभोवती शिंगाड्याच्या वेलींचं जाळं.

"पुष्पे, पाय निघत नाही वं!"

झटका दिला की वेल आणखी आवळे. काटे पोटऱ्यांत रुतत. काठ दिसत होता, पण हाक पोचत नव्हती. शेवटी दोघी फळीला धरून गपगार राहिल्या.

आणि तो आला! काळी तुकतुकीत मान, डोळ्यावर पांढरी रेघ, काशाच्या भांड्यासारखे चमकते पंख, आणि बोटं अशी लांबच लांब, की पान बुडतसुद्धा नव्हतं. चोचीनं त्यानं पान उलटलं. टक्! भुंगा. टक्! अळी. शेजारच्या हिरव्या शिंगाड्याला शिवलाही नाही.

"दिसलं का वं?" पुष्पलता कुजबुजली.

"दिसलं. पण सांगतं कोणाले? पाण्यातल्या माशाईले?"

पुष्पलतेला एकदम आई आठवली. मागावरच्या ताण्यात गुंता झाला की आई कधी ओढत नाही. ढील देते, एकेक धागा उचलते.

तिनं श्वास कोंडला. बुडी मारली. पाय सैल सोडला. एक वेल. दुसरी. तिसरी. सुटला! मग प्रेमिलेचा. फळी ढकलत दोघी धापा टाकत काठाला लागल्या.

नत्थूजी फासे घेऊन उभेच!

"थांबा! बसा इथं. हलू नका!" पुष्पलता म्हणाली.

नत्थूजी कुरकुरत बसले. काठाजवळच्या पानांवर एक कमळपक्षी आला. टक्! टक्!

"अरे बापा! शिंगाड्याचा पाला खाणारे हे भुंगे येचता येचता माही कंबर मोडली, अन् हा फुकटात खाऊन राहिला?"

त्यांनी फाशांची दोरी सोडली आणि त्याच दोरीनं नवं मडकं फळीला आवळायला घेतलं. पुष्पलता मदतीला पुढं सरसावली.

"नको वं पोरी! गाठ मीच मारतो!"