पट्टीतलं अंतर

आप्पांचा हट्ट एकच. कॉम्प्युटरवर लिहायचा एडिटर उघडला की खालची पट्टी आपल्या मनासारखी दिसली पाहिजे. बाकी कॉम्प्युटर नवा असो की जुना, खुर्ची मोडकी असो की धड, त्यांचं काही अडायचं नाही. पण पट्टी जागच्या जागी नसली तर त्यांना एक ओळ सुचेल तर शपथ!

पट्टी म्हणजे स्टेटस बार. लिहायच्या खिडकीच्या अगदी तळाशी असतो. तिथे फाइलचं नाव येतं, आपण कितव्या ओळीवर आहोत ते येतं, आणि केलेला बदल साठवायचा राहिला असेल तर नावाशेजारी एक छोटा ठिपका येतो. बहुतेकांचं आयुष्य त्या पट्टीकडे न बघता सुखात जातं. आप्पा मात्र तिचे रंग बदलायचे, तुकडे इकडचे तिकडे करायचे, नको ते काढून हवं ते स्वतः लिहून बसवायचे. काम कमी आणि पट्टीचा शृंगार जास्त, असं त्यांची बायको म्हणायची.

नवराबायको दोघंही यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायचे. मिक्सर, शिलाई मशीन, लिफ्ट, पाण्याचा पंप. जी पुस्तिका लोक खोक्यातून काढून थेट माळ्यावर टाकतात, ती या दोघांनी घाम गाळून लिहिलेली असायची. बायकोचं चालणं, बोलणं, टाइप करणं, सगळंच झपाझप, म्हणून आप्पा तिला भिंगरी म्हणायचे. ती त्यांना गोगलगाय म्हणायची. चारचौघांत जरा मान ठेवून, गोगलगाईसाहेब.

त्यांची कामाची तऱ्हा जगावेगळी होती. फाइल एकच, पण खोल्या दोन, कॉम्प्युटर दोन, आणि मधे भिंतीला भोक पाडून नेलेली वायर. भिंगरी पहिल्या ओळीपासून खाली यायची, आप्पा शेवटच्या ओळीपासून वर जायचे. काम देणाऱ्या बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पण दोघांना त्यातच गंमत वाटायची, कारण कुठेतरी मधे गाठ पडायची. त्या गाठीसाठी आप्पांनी पट्टीत उजवीकडे एक तुकडा खास लिहून बसवला होता. त्याचं नाव 'अंतर'. दोघांच्या मधे किती ओळी उरल्या, तो आकडा तिथे दिसायचा. एकाचा कॉम्प्युटर बंद असला तर आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ. अंतर शून्य झालं की काम थांबवून चहा.

गाठ नेहमी आप्पांच्याच हद्दीत पडायची, भिंगरी एवढी पुढे आलेली असायची. आप्पा एखाद्या शब्दावर अडून बसले की पलीकडून हाक यायची, "तुम्ही बसा तिथेच, मीच येते." आणि चार-दोन ओळी उरल्या की तिला धीर निघायचा नाही. उठून स्वयंपाकघरात जायची, ओट्यावर दोन कप काढून ठेवायची आणि मगच येऊन शेवटच्या ओळी पुऱ्या करायची. कपांचा आवाज आला की आप्पा समजायचे, आता जवळच आली.

गेल्या वर्षी भिंगरी गेली. सकाळी बरी होती, दुपारी नव्हती. त्यानंतर आप्पांनी एडिटर उघडलाच नाही. पलीकडचा कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकला, वायर ओढून काढली, भोकात कागदाचा बोळा कोंबला. खिडकीत बसून रस्ता बघायचे, समोर ठेवलं तर जेवायचे.

लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, तिचं औषधांचं दुकान होतं. दर रविवारी येऊन आप्पांच्या गोळ्या मोजायची, कपडे धुवायला टाकायची आणि माझ्याकडे राहायला चला म्हणून डोकं खायची. आप्पा 'बघू' म्हणायचे. शेवटी तिने एक नवा कॉम्प्युटरच आणून टेबलावर ठेवला. काम करू नका हवं तर, नुसती पट्टी तरी सजवत बसा, असं म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

म्हणून केवळ तिच्या शब्दाखातर आप्पा एका सकाळी बसले. फाइलचं नाव डावीकडे, ओळ मधे, ठिपका लाल. सवयीने हात पुढे गेला आणि उजवीकडे त्यांनी 'अंतर'ही लिहून टाकलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, आता कसलं अंतर? आडवी रेघ दिसेल आणि उगाच जिवाला लागेल. पुसायला म्हणून त्यांनी खाली पाहिलं.

तिथे रेघ नव्हती. आकडा होता. बाराशे चाळीस.

आप्पा काही भोळेभाबडे नव्हते. यंत्र बिघडल्यास काय करावे, हे प्रकरण त्यांनी आयुष्यभर लिहिलेलं. त्यांनी तुकडा पुसून पुन्हा लिहिला. आकडा तोच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तोच. इंटरनेट तोडलं. उठून पलीकडच्या खोलीत जाऊन आले. तिथे इस्त्रीचे कपडे, दोन बॅगा आणि भिंतीतला तो बोळा, दुसरं काही नव्हतं. मग त्यांनी एक कोरी फाइल उघडली, तिच्यात वाणसामानाच्या पाच ओळी लिहिल्या. पाच ओळींच्या फाइलमध्ये बाराशे ओळींचं अंतर असेलच कसं? पण आकडा होता, आणि आता तो बाराशे पस्तीस होता.

त्या दिवशी त्यांना जेवायची आठवण राहिली नाही. नुसतं एंटर दाबून रिकाम्या ओळी टाकल्या तर आकडा हलत नव्हता. लिहिलेली ओळ पुसली तरी वाढत नव्हता. खरीखुरी, विचार करून लिहिलेली ओळ संपली की एकाने कमी व्हायचा. फाइल कुठलीही असो. संध्याकाळपर्यंत आप्पा एवढंच समजले होते, की आपण लिहीत गेलो तर मधलं अंतर संपणार आहे. आणि अंतर संपलं की काय होतं, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी काम देणाऱ्या बाईंना फोन लावला. बाईंना आनंद झाला. पाणी तापवायच्या बंबाची जाडजूड पुस्तिका पडून होती, ती त्यांनी लगेच पाठवली.

आप्पांच्या अंगात वारं संचारलं. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे. शेवटच्या ओळीपासून वर, नेहमीसारखं. मधेच थांबून भिंतीकडे बघून हसायचे. हजार झाले, नऊशे झाले. शेजारीपाजारी म्हणायला लागले, आप्पा माणसात आले. लेक तर देवाचे आभार मानायची बाकी होती. तिने नवऱ्याला फोनवर सांगितलेलं आप्पांनी ऐकलं, की आता काळजी मिटली.

एक गोष्ट मात्र आप्पांनी कुणाला सांगितली नाही. ज्या दिवशी जास्त लिहून व्हायचं त्या दिवशी हात गार पडायचे. आधी बोटांची टोकं, मग पंजे. जिना चढताना अर्ध्यात थांबावं लागायचं. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. आप्पांनाही तसं सगळं ठीकच वाटत होतं. वाईट वाटावं असं त्यात काही आहे, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

आकडा दोनशेच्या खाली आला तेव्हाचा रविवार. लेक गोळ्यांची डबी घेऊन शेजारी बसली आणि सहज तिचं लक्ष पट्टीकडे गेलं.

"आप्पा, हे अंतर कशाचं?"

तिला थाप मारणं आप्पांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, दाखवलंही. तिच्यासमोर एक ओळ लिहिली. आकडा एकाने उतरला. लेक पट्टीकडे बघत राहिली, मग तिने त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"किती गार पडलाय हात," ती म्हणाली. "आप्पा, अर्ध्या वाटेने आई इकडे येतेय आणि उरलेल्या अर्ध्या वाटेने तुम्ही निघालाय. कुठे निघालाय, ते कळतंय ना?"

आप्पांना कळत होतं. आजवर फक्त शब्दांत मांडलं नव्हतं.

मग ती रडली. आई गेली तेव्हाही तिला मनासारखं रडता आलं नव्हतं, कारण सगळे डोळे आप्पांवर होते, आता हे कसे जगतील म्हणून. ते सगळं तिने आज काढलं. म्हणाली, मला आई नाही, आता बापही मुद्दाम उठून चाललाय, मग मी कुणाकडे बघायचं? भिंगरीची ओढ खरी होती. पण ही समोर बसलेली पोर, नाक लाल झालेली, लहानपणी पडल्यावर रडायची तशीच रडणारी, हीसुद्धा खरीच होती. आणि तिचा हात गरम होता.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. आता एक ओळही लिहिणार नाही. पुस्तिका परत पाठवतो, आणि येतो तुझ्याकडे राहायला.

पुढच्या चार-सहा दिवसांत घर आवरलं गेलं. आप्पांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. भांडीकुंडी त्यांनी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरली, चिकटपट्टी लावली. हात पूर्वीइतके गार पडत नव्हते. आपण जगायचं ठरवलं की शरीरही ऐकतं, असं त्यांना वाटलं आणि जरा बरं वाटलं.

निघायच्या दिवशी लेक दुपारी टेम्पो घेऊन आली. सामान उतरवणारी माणसं जिन्यावर होती. कॉम्प्युटरच्या वायरी काढण्याआधी पुस्तिका परत पाठवायची राहिली होती, म्हणून आप्पांनी एडिटर उघडला.

अंतर एकशे बारा.

आप्पांनी चष्मा पुसला. थांबले तेव्हा एकशे नव्वदच्या आसपास होतं, याची त्यांना खात्री होती. की नव्हती? वय झालं, आकडे कुठे लक्षात राहतात! त्यांनी दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

एकशे अकरा.

बाहेर कुणीतरी कपाट जिन्याच्या कठड्याला घासलं. लेक त्या माणसांवर ओरडली.

एकशे दहा.

आप्पा थिजले. इतके दिवस ते फक्त आपल्याच ओळी मोजत होते. आपण लिहिलं की अंतर कमी होतं, आपण थांबलो की थांबतं, असं धरून चालले होते. भिंगरी कधी कुणासाठी थांबली होती का? जन्मभर गाठ कुणाच्या हद्दीत पडत आली होती?

"भिंगरे," ते हळूच म्हणाले, "थांब गं जरा. पोर एकटी पडेल."

आकडा थांबला.

आप्पांनी श्वास रोखून धरला. भिंतीच्या भोकात कागदाचा बोळा जसाच्या तसा होता. बाहेर ऊन होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. आकडा तिथेच होता. त्यांना हसू फुटायला आलं.

मग तो पुन्हा उतरला. आणि पुन्हा. भिंगरीचा जुना वेग, ओळीमागून ओळ, न अडखळता.

आप्पांचे हात मनगटापर्यंत गार झाले. तो उतरता आकडा बघवेना म्हणून त्यांनी सेटिंगची फाइल उघडली आणि 'अंतर'चा सगळा तुकडा निवडून पुसून टाकला. पट्टी मोकळी झाली. डावीकडे नाव, मधे ओळ. उजवीकडे काही नाही. त्यांनी फाइल साठवली. लाल ठिपका गेला.

ते पट्टीकडे बघत राहिले.

नावाशेजारी ठिपका पुन्हा आला. आप्पांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा साठवलं. ठिपका गेला, आणि आला. किती उरलं हे सांगणारं आता पट्टीत काही नव्हतं.

त्यांनी उठून कॉम्प्युटरची वायरच भिंतीतून ओढली. पडदा काळा झाला. घर रिकामं होतं, पावलांचा आवाज घुमत होता. लेक सगळ्या खोल्यांतून शेवटची चक्कर मारत होती, काही राहिलं का बघत. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच तिने विचारलं.

"आप्पा, भांडी सगळी बांधली म्हणालात ना? मग हे दोन कप ओट्यावर कशाला काढून ठेवलेत?"