फुगवट्याकाठची जोडी

लग्नानंतरचं पहिलं वर्ष आमचं सायकलवरच गेलं म्हणायला हरकत नाही. गोरक्ष बांधकाम खात्यात कारकून, मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. लग्न आम्हीच जुळवलेलं, त्यामुळे सासूबाई समोर नसल्या की मी त्याला नावानेच हाक मारायची. नाशिकरोडला दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं आणि दारात दोन सायकली. त्याची काळी अ‍ॅटलस, माझी हिरवी लेडीज.

रविवारी सकाळी डबा कॅरिअरला लावून निघायचं. गंगापूर रोडने, सोमेश्वर मागे टाकून, थेट धरणाच्या वरच्या अंगाला. तिथे फुगवट्याच्या, म्हणजे धरणामुळे मागे तुंबलेल्या पाण्याच्या, काठी पळसवहाळ नावाचं लहानसं गाव होतं. कौलारू घरं, भाताची खाचरं आणि फुलाबाईचं चहाचं खोपट. गावातून तीन वाटा फुटायच्या. एक डोंगराच्या पायथ्याने, ब्रह्मगिरी सतत समोर ठेवून जाणारी. दुसरी पेरूच्या बागांतून. तिसरी अगदी पाण्यालगतची, हिवाळ्यात पाणी मागे सरलं की उघडी पडणारी. तिची माती इतकी मऊ, की टायरचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. पाण्यावर बदकं बसलेली असायची. आम्ही जवळून गेलो तरी ती उडायची नाहीत.

एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर माझी सुट्टी रविवारची गुरुवारी गेली. गोरक्ष एकटा जाऊ लागला.

"तू नसलीस तर मजा नाही," असं तो पहिल्या रविवारी म्हणाला. मग म्हणेनासा झाला.

कानाला हेडफोन लावून मी दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची. खिडकीतलं ऊन सरकलं की मनात यायचं, आता तो सोमेश्वरला पोचला. आता फुलाबाईचा चहा. आता पाण्याची वाट. माझ्याशिवाय त्याचं काही अडत नव्हतं, हेच मला सोसत नव्हतं.

तो परतायचा तो गुणगुणत. अंगाला पाण्याचा, ओल्या गवताचा वास. एकदा जेवताना म्हणाला, "तू म्हणालीस ते खरंय. त्या वळणावर वारा कायम पाठीमागून येतो."

"मी कधी म्हणाले?"

तो घास हातात धरून थांबला. "म्हणाली होतीस की."

पुढच्या रविवारी रॉकेलच्या रांगेवरून मी कुरकुरत होते. तो माझ्याकडे बघत बसला होता. मग हळूच म्हणाला, "घरात किती वेगळी असतेस गं तू."

त्या आठवड्यात त्याचा स्वेटर धुवायला काढला, तर खांद्यावर एक लांब केस होता. तो माझा असू शकतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. संशयाने जळणाऱ्या बाईला ते सुचत नाही.

गुरुवारी त्याला काही न सांगता मी एस.टी.ने गेले. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालले. फुलाबाई चुलीपुढे बसली होती. मला बघून हसली.

"आज येकलीच? आन् सायकल कुठंय?"

"फुलाबाई, खरं सांगायचं. रविवारी आमच्या यांच्याबरोबर कोण असतं?"

तिने फुंकणी खाली ठेवली. "आसं काय इचारता ताई? जोडीनंच येता ना तुमी."

"मी दिवाळीपासून आलेच नाही."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पायांकडे. मग परत तोंडाकडे.

"तुमीच व्हत्या," ती म्हणाली. "चा नाय घेत आता तुमी. पयले घ्यायच्या. आता नुस्तं पाण्याकडं बघत हुभ्या ऱ्हाता. मी म्हनलं, दिवस गेलं आसतील."

चहाचे पैसे द्यायला लागले, तर तिने घेतले नाहीत. मी पाण्याच्या वाटेकडे वळले, तशी मागून ओरडली, "ताई, तिकडं नका जाऊ येकल्या." मी गेलेच. चिखल वाळत आला होता. त्यात दोन सायकलींच्या चाकोऱ्या होत्या, अगदी शेजारीशेजारी, हातात हात घालून चालावं तशा. दूरच्या वळणापर्यंत त्या कुठेही एकमेकींपासून लांब गेल्या नव्हत्या. माझी सायकल त्या आठवड्यात अंगणातून हललेली नव्हती.

संध्याकाळी मी सरळ विचारलं, "ती कोण आहे?"

"कोण ती?"

"रविवारी तुझ्याबरोबर येते ती."

तो हसला. "तूच असतेस, वत्सला. दुसरी कोण असणार?"

तारेवरून आलेला आवाजही खोटा असला की मला कळायचा. हा खोटं बोलत नव्हता.

"रविवारी मी कामावर असते, गोरक्ष."

"पाळी बदलून घेतलीस ना? सोमेश्वरच्या पुढे उभी असतेस. येताना म्हणतेस, तू हो पुढे. घरी येतो तर तू आधीच..." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि शेवटी माझ्यावर आणून ठेवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

खरं म्हणजे तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मी विचारलं ते भलतंच.

"कशी आहे ती?"



"तुझ्यासारखीच," तो म्हणाला. "फक्त तिला कसली घाई नसते."

दुसरी बाई असती तर तिच्या दारात जाऊन मी भांडले असते. हिच्याशी कसं भांडायचं? तिच्याकडे माझंच तोंड होतं, माझाच आवाज, आणि माझा नवरा रविवारभर तिच्याजवळ सुखात होता. रात्री आरशासमोर वेणी घालताना मी ती मऊ, बिनघाईची नजर आणून पाहिली. जमली नाही.

मैत्रिणीला गळ घालून मी पुढच्या रविवारची ड्युटी बदलून घेतली. गोरक्ष नको म्हणत होता. "आपण तिकडे जायलाच नको," म्हणाला. पण मला तिला बघायचं होतं.

सकाळी निघालो. सोमेश्वरच्या पुढे कोणीच नव्हतं. गोरक्षने सुटकेचा श्वास सोडला, पण त्या श्वासात थोडी निराशाही होती. ती मला ऐकू आली. वाटेत मी हसण्याचा प्रयत्न केला, बदकं दाखवली, पेरू घेऊन त्याच्या हातावर ठेवला. तो चांगलं बोलत होता. पण मधूनमधून मान वळवून मागे बघत होता.

फुलाबाईचं खोपट बंद होतं. आम्ही पाण्याच्या वाटेला लागलो. ऊन स्वच्छ होतं, पाणी निळं होतं, पलीकडच्या टेकड्या इतक्या जवळ वाटत होत्या की हाक मारावी. अर्ध्या वाटेवर माझी चेन पडली.

"तू हो पुढे, मी आलेच," मी म्हणाले.

म्हणून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. मी घाईने मान वर केली, तोवर तो वळणाआड गेला होता.

बोटं काळी झाली, चेन बसेना. तेवढ्यात घंटी वाजली. मग दुसरी, तिला उत्तर दिल्यासारखी.

मग कोणीतरी हसलं.

ते हसू मी ओळखलं. लग्नाआधी, गोदाकाठी त्याला भेटायला जायची, तेव्हा मी तशी हसायची.

मी सायकल टाकून पळाले. वळणापलीकडे वाट पाण्यात उतरून संपली होती. पुढे ओढ्याचं अरुंद पात्र भरून फुगवटा आत शिरला होता, आणि त्याच्या पलीकडच्या काठावरून दोन सायकली चालल्या होत्या. काळी आणि हिरवी. तिकडे जायला वाट नव्हती. गोरक्षची पँट कोरडी होती.

"गोरक्ष!"

तो थांबला नाही. ती थांबली.

तिने पाय टेकला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. अंगावर माझीच साडी, वाऱ्याने सुटलेले माझेच केस. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इतके आठवडे आरशात पाहत आले होते. ती माझा हेवा करत होती.

माझ्या काळ्या बोटांचा, धापेचा, घरी परत जाण्याचा.

मी पुन्हा हाक मारली. या वेळी नुसती रडत मारली. गोरक्षने मान वळवली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मग पाणी उन्हात इतकं चमकलं की मला डोळे मिटावे लागले.

उघडले तेव्हा तो माझ्याशेजारी उभा होता. सायकल हातात, गुडघ्यापर्यंत भिजलेला. पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. पाण्यावरची सगळी बदकं एकदम उडाली.

"चल घरी," तो म्हणाला.

त्या वर्षी आम्ही सायकली विकल्या. त्याने बदली मागून घेतली, मीही घेतली, आणि आम्ही नांदगावला गेलो. तिथे तळं नाही, धरण नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. मला ते बरं वाटायचं. गोरक्ष रविवारी घरी असायचा, पेपर वाचायचा, मला भाजी निवडू लागायचा. मी कमी चिडायला शिकले. शेजारच्या सावित्रीबाई म्हणायच्या, तुमच्यासारखं जोडपं बघायला मिळत नाही. मला वाटायचं, जिंकले.

चौऱ्याऐंशीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. बाजारात गर्दी होती, मला उशीर झाला. मेथीची जुडी आणि पिशवी सांभाळत घरी आले, तर गोरक्ष पाटावर बसून जेवत होता. ताट भरलेलं. भाकरी गरम, वाफ निघत असलेली. मेथीची भाजी.

मी दारातच उभी राहिले. पायात चपला तशाच.

त्याने वर न बघता शेजारचा पाट पुढे सरकवला. "पुरे झालं वाढणं," तो म्हणाला, इतक्या मायेने, की तसं तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "आता तूही बस."

मी पिशवी खाली ठेवली. बसले. काय करावं ते न सुचून त्याच्या ताटातला एक घास घेतला.

माझ्या हाताला अशी चव कधीच आली नव्हती.