तिसरी खिडकी

एकोणीसशे एकोणीसच्या ऑगस्टमध्ये आमच्या गावातून बोल्शेविकांची लाल फौज गेली आणि त्यांच्या विरोधकांची पांढरी आली. आमच्या दैनिकापुरता याचा अर्थ एवढाच, की जुनं शुद्धलेखन परत आलं. बोल्शेविकांनी रद्द केलेल्या अक्षरांचे खिळे लेझर मोइसेयेविचने पोत्यातून उपसले, रॉकेलने धुतले आणि खणांत लावले.

"अक्षरांचं बरं असतं," तो म्हणाला. "मेली तरी परत येतात."

लेझर आमचा एकमेव कंपोझिटर, ज्यू. वीस वर्षं मी लिहायचं आणि त्याने खिळे जुळवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एक कॅप्टन कचेरीत आला. फौज गावात शिरताना पाणचक्कीच्या गल्लीतल्या एका घरातून ज्यूंनी गोळ्या झाडल्या, असं त्याने संपादकांना सांगितलं. फौज शिरली तेव्हा मी त्याच गल्लीत होतो. गोळी एकही ऐकली नव्हती. देम्यान पिंपवाला लाकडी पिंपावर लोखंडी कडं ठोकत होता, तेवढाच आवाज. मी काही बोललो नाही.

कॅप्टन गेल्यावर संपादक अपोलोन साविच म्हणाले, "कोंद्रात लुकिच, सहा ओळी. पण तपशील हवा. तपशिलाशिवाय बातमी म्हणजे मिठाशिवाय काकडी."

तपशिलाबद्दल माझं नाव होतं. मी लिहिलं: 'वरच्या मजल्यावरच्या, डावीकडून तिसऱ्या, हिरव्या चौकटीच्या खिडकीतून.' कुठून सुचलं ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

लेझरने कागद उभ्या उभ्या वाचला.

"ही माझी खिडकी."

"कशावरून?"

"हिरवी. डावीकडून तिसरी. आणि ती खिडकी नाहीच आहे. आत विटा आहेत, बाहेरून शोभेला चौकट रंगवलीय. गेल्या वर्षी त्याच भिंतीला पाठ टेकून तुम्ही आमच्या हिंदाच्या हातचा मासा खाल्लात, कोंद्रात लुकिच. दोनदा मागून घेतलात."

ते मला आठवत होतं.

"'तिसऱ्या' काढा. 'हिरव्या' काढा. पान दुपारी एकला छपाईला जातं, अजून वेळ आहे."

"कॅप्टनने वाचलंय," मी म्हणालो. त्याने वाचलं नव्हतं.

"मग निदान विटांतून गोळी कशी झाडायची ते शिकवा. घरी बायकोला सांगतो, उपयोगी पडेल."

मी हसलो नाही. "काढलं तर का काढलं म्हणून विचारतील," मी म्हणालो. तो खिळे उचलायला लागला. प्रूफ मीच तपासलं. एकही चूक नव्हती.

अंक सकाळी सातला निघाला. नऊला सैनिक गल्लीत शिरले. पुढच्याच्या हातात अंक होता, माझ्या सहा ओळी वर येतील असा घडी घातलेला. त्या दिवशी आठ घरांतली माणसं मारली गेली. सुरुवात लेझरच्या घरापासून झाली. तो, त्याची बायको हिंदा आणि हिंदाची म्हातारी आई.

चौथ्या दिवशी मी तिकडे गेलो. दुःखाने गेलो असं लिहिता आलं असतं. मी गेलो ते एवढ्याचसाठी, की लेझर चुकला असेल आणि तिथे खरोखर खिडकी असेल, तर बरं होईल. चौकटीत विटा होत्या. हिरव्या रंगाचे पोपडे निघाले होते.

त्याच आठवड्यात पाववाली प्रीस्का गिऱ्हाइकांना सांगत होती, "मी स्वतः बघितला ना धूर! तिसऱ्या खिडकीतून, हा असा!" पुढच्या आठवड्यात टांगेवाल्याला तिथला पडदा आठवला. मग पडद्याचा रंग कुणाला पिवळा, कुणाला पांढरा. कुणाशीही मी वाद घातला नाही.

ऑक्टोबरात एकदा गल्लीतून जाताना डोळ्यांवर तिरीप आली. वर पाहिलं. तिसरी चौकट चमकत होती. रंगवलेली चौकट चमकत नाही. तिला काच होती, आणि डावं दार थोडं उघडं होतं.

समोर देम्यान पिंप तासत बसला होता.

"देम्यान, तिथे विटा होत्या ना रे?"

"कधी? काहीतरीच काय! तुम्हीच तर छापलंत."

आणि मला हायसं वाटलं. क्षणभर का होईना, वाटलं. या सगळ्यात हे लिहायला मला सर्वांत जड जातंय.

मग मी ठरवलं: आत जाऊन बघायचं, आणि दिसेल ते उद्याच्या अंकात माझ्या नावाने छापायचं. अपोलोन साविच काहीही म्हणोत.

वरचं दार निखळून पडलं होतं. समोरच्या भिंतीवर हातभर चौकोन गिलाव्याशिवाय होता. ज्यूंचं प्राचीन मंदिर पाडलं गेलं त्याची आठवण म्हणून त्यांची माणसं घरात एवढी जागा उघडी सोडतात. हिंदा दर वसंतात त्याच्या कडेकडेने चुना लावायची. बाहेरून जिथे काच होती, तिथेच आतून हा चौकोन होता.

उघड्या विटा. मी हात फिरवला. गार, कोरड्या. सांध्यांतला चुना जुना.

पेन्सिल काढून, भिंतीकडे तोंड करून, मी वहीत लिहिलं: 'विटा आहेत. खिडकी नाही. कधीच नव्हती.'

खाली आलो. देम्यान जागेवर नव्हता. नव्या पिंपामागे उकिडवा बसला होता.

"असं उभं राहतात का खिडकीत?" तो तिथूनच म्हणाला. आवाज बसला होता.

"कुठल्या खिडकीत?"

"तिसऱ्या! हाका मारल्या मी, कोंद्रात लुकिच, कोंद्रात लुकिच म्हणून. तुम्ही ऐकेचनात. हात असा रस्त्यावर रोखलेला." त्याने माझ्या मुठीकडे बोट दाखवलं. "काय होतं हातात?"

मी मूठ उघडून पेन्सिल दाखवली.

त्याने ती नीट पाहिली. पण पिंपाआडून तो उठला नाही.