मनगटापासून गळ्यापर्यंत

इथल्या गोष्टी मी रोज वाचतो. स्वतः कधी काही लिहीत नाही. आज लिहितोय, कारण ही गोष्ट कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. माझ्या मावसबहिणीची आहे, आणि ज्या दुकानात ती सुरू झाली तिथे मी स्वतः उभा होतो.

आणखी एक. यात मध्यरात्र नाही, ओसाड रस्ता नाही. जे झालं ते लख्ख उजेडात झालं. रविवार, सकाळचे अकरा, जुन्या कपड्यांचं दुकान.

ताई चामड्याच्या बॅगा शिवते. कारखान्यात, मशीनवर, सतरा वर्षं झाली. तिचा धाकटा भाऊ म्हणजे आमचा पिप्या. घराखाली गाडी लावली की हॉर्न दोनदा वाजवल्याशिवाय वर यायचा नाही, म्हणून पिप्या. मावशी गेल्यापासून दोघंच राहायचे, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. पिप्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने उचलायचा आणि लॅबमध्ये पोहोचवायचा. बाइकवर, कायम घाईत.

आदल्या वर्षी तो एकदा घसरला होता. अंगात नुसता टी-शर्ट. कोपराचं सालटं निघालं. ताईने चिमट्याने एकेक खडा काढला, आणि काढता काढता ठरवून टाकलं की याला चामड्याचं जॅकेट घेऊन द्यायचं.

ठरवायला काय जातं?

नव्या जॅकेटची किंमत म्हणजे तिचा दीड महिन्याचा पगार. आम्ही चार दुकानं पालथी घातली. परवडत होतं ते सगळं रेक्झिन.

"हे घालून पडलास तर हेही फाटेल आणि तूही," ताई म्हणाली.

"मग मी पडतच नाही. फुकटात काम होईल," पिप्या म्हणाला.

जुन्या कपड्यांच्या दुकानात मात्र ती थबकली. काळं जॅकेट. हाताला जड. तिने अंगठा दाबला तशा चामड्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. अस्तर चाचपलं, खांद्यांत आणि कोपरांत जाड पॅड होते. शिवण दुहेरी. मग तिने पिप्याला स्टुलावर बसवलं आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावले, बाही मनगटावरून वर सरकते का ते बघायला. सरकली नाही. मागून कसं दिसतं ते बघायचं म्हणून पिप्याने ते माझ्याही अंगात चढवलं. आम्हा दोघांचं माप एकच.

एकच गोष्ट खटकली. उजव्या बाहीवर एक जास्तीची शिवण होती. मनगटापासून सरळ खांद्यापर्यंत, आणि खांद्यावरून गळ्यापर्यंत. हाताने घातलेले टाके.

"हे फाटलं होतं का?" ताईने विचारलं.

"कुणीतरी मापाला करून घेतलं असेल," चष्मेवाला दुकानदार म्हणाला. "म्हणून तर या भावात देतोय. बाकी एक ओरखडा दाखवा."

ओरखडा नव्हता. ताईने शिवणीवरून बोट फिरवलं.

"शिवलंय मात्र सुबक," ती म्हणाली. "आणि उसवलं तरी काय बिघडत नाही. कापडाची भोकं बुजतात, चामड्याला एकदा सुई लागली की भोक जन्मभर राहतं. त्याच भोकांतून मी पुन्हा शिवेन."

तिने टाके बघितले. त्याखाली चामडं कुणी कापलं, का कापलं, याचा तिने विचारच केला नाही. सतरा वर्षांची सवय, दुसरं काय. माझ्याही डोक्यात आलं नाही.

पहिले काही दिवस पिप्या आरशासमोरून हलेना. ताईची अट एकच होती. जॅकेट घातल्याशिवाय गाडीला किल्ली लावायची नाही.

शुक्रवारी सकाळी ती जॅकेट झटकायला गेली आणि...

मनगटापाशी शिवण उघडी होती. चार बोटं.

दोरा जुना असेल, असं म्हणून तिने मेण लावलेला दोरा घेतला आणि घट्ट शिवून टाकलं.

शनिवारी सकाळी तिचे टाके उघडे होते. आणि त्यांच्या पुढची चार बोटं...

दोरा तुटला की टोकं पिंजतात. ही पिंजलेली नव्हती. प्रत्येक टाका मधोमध कापलेला होता.

"कात्री लावलीस का रे याला?"

"तुझ्या शिवणीला? मला जीव प्यारा आहे," पिप्या म्हणाला आणि चहात बिस्किट बुडवत बसला.

रविवारी दुपारी ती भांडी घासत होती. बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

कच्...

पिप्या नखं कापत असेल.

कच्... कच्...

"पेपर घे रे खाली," ती आतूनच म्हणाली.

कच्...

तिने नळ बंद केला. हात पुसत बाहेर आली. पिप्या भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता. खिडकी बंद, पंखा बंद. दारामागच्या खिळ्यावर जॅकेट होतं, आणि त्याची उजवी बाही हळूहळू हलत होती...

कोपरापर्यंत उघडी.

संध्याकाळी तिचा मला फोन आला. सगळं सांगितलं. मी हसलो. म्हटलं, ताई, दोन दिवस सुट्टी घे. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

ती रोज शिवत राहिली. सोमवारी सकाळी दंडापर्यंत उघडं. मंगळवारी खांद्यापर्यंत. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, पण आपण थांबलो तर काय होईल याची तिला जास्त भीती वाटत होती.

बुधवारी सकाळी शिवण गळ्यापर्यंत उघडी होती. पुढे उसवायला काही उरलंच नव्हतं.

"आज हे घालायचं नाही," ती म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, घातल्याशिवाय किल्ली लावायची नाही?"

"मीच म्हणाले होते. आणि मीच सांगतेय. एक दिवस ऐक माझं."

पिप्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि वाद घातला नाही. निळा शर्ट घालून खाली उतरला. तिने जॅकेट लोखंडी पेटीत टाकलं, वर कुलूप लावलं, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.

खालून हॉर्न वाजला. दोनदा.

कारखान्यात तिला फोन आला तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. एका टेम्पोने बाजूने घासलं होतं. पिप्या उजव्या अंगावर पडला आणि तसाच डांबरावरून फरफटत गेला. हेल्मेटमुळे डोक्याला काही नव्हतं. बरगड्या आत घुसल्या होत्या.

चार वाजता तो गेला.

डॉक्टर तरुण होते. चांगुलपणाने बोलले, पण बोलले. "अंगात काही जाड असतं... चामड्याचं वगैरे, तर कदाचित..."

ताई उभीच होती.

मग नर्सने एक पिशवी आणून दिली. आत पाकीट, किल्ल्या आणि निळा शर्ट. ताईने शर्ट उलगडला. उजवी बाही मनगटापासून सरळ खांद्यापर्यंत कापलेली होती. खांद्यावरून गळ्यापर्यंत.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

"आम्हीच," नर्स म्हणाली. "अशा वेळी कपडे काढत बसत नाही हो. मनगटाला कात्री लावायची ती थेट गळ्यापर्यंत. सगळ्यांचे असेच कापतो."

मी शेजारी होतो. ताई खाली बसली आणि त्या कापावरून बोट फिरवत राहिली.

दोन दिवसांनी तिने माझ्यासमोर पेटी उघडली. जॅकेट घडी घालून ठेवल्यासारखं होतं. तिने उजवी बाही बाहेर ओढली आणि...

शिवण नव्हतीच.

काप नव्हता. टाके नव्हते. तिने बाही खिडकीजवळ नेली, उजेडात धरली, नखाने चाचपली. एकही भोक नव्हतं. चामड्याला एकदा सुई लागली की भोक जन्मभर राहतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिला रडूही आलं नाही.

याला चार वर्षं झाली. ताईने ते जॅकेट जाळलं नाही, कुणाला दिलंही नाही. "ते काय सांगत होतं रे?" एवढंच विचारते. "घालू नको म्हणत होतं, की काढू नको?" मी दर रविवारी तिच्याकडे जातो. चहा पितो आणि निघतो.

गेल्या रविवारीही गेलो. तिने नेहमीसारखी पेटी उघडली, बाहीवरून हात फिरवला, आणि तिचा हात थांबला.

मनगटापाशी. चार बोटं...

या वेळी शिवण नव्हती, त्यामुळे टाके उसवले असंही म्हणता येईना. चामडंच कापलेलं होतं. ताईने आधी खिडकीतून खाली बघितलं. तिथे माझी बाइक उभी होती. तिच्या घरी बाइकवर येणारा आता मी एकटाच आहे.

तिने माझा उजवा हात धरला तो सोडेना.

सोमवारपासून मी बसने जातो. बाइकची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन टाकली. तरी तिचे फोन येत राहिले. सोमवारी आठ बोटं. मंगळवारी कोपर. काल दंड.

आज गुरुवार. सकाळी ती स्वतः आली. जॅकेट खांद्यापर्यंत उघडं होतं. तिने ते माझ्या खुर्चीवर ठेवलं.

"मागच्या वेळी मी ठरवलं होतं," ती म्हणाली. "या वेळी तू ठरव."

आणि निघून गेली. चहालाही थांबली नाही.

मी कामावर गेलेलो नाही. दार आतून लावलंय. उद्या सकाळी ते गळ्यापर्यंत आलेलं असेल, एवढं मला कळतं. घालून बसावं की लांब ठेवावं, ते कळत नाही. दुपारपासून मी ते दोनदा अंगात घातलं आणि दोनदा काढलं.

माप अजून तंतोतंत बसतं.