मानेतली शीळ

सोलापुरात तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावत. त्या दिवसांची आठवण निघाली की म्हाताऱ्या रामहरीला अजून चन्नप्पांचं घर दिसतं.

दारात सुनेच्या माहेरची, मैंदर्गीची बैलगाडी जुंपलेली. सून गिरिजा बोचकं घेऊन ओट्यावर बसलेली. सासूचं, बसव्वाचं, म्हणणं एकच: हिनं सासऱ्याला ताकातून विष घातलं, ही माहेरी जावी, परत येऊ नये.

खाजगी तपास करणारे महादेवप्पा, पूर्वीचे दवाखान्यातले कंपाउंडर, चपला काढून आत आले. मागे त्यांचा सोबती रामहरी.

"झालं काय, वहिनी?"

"तीन सोमवार झाले, अण्णा. सिद्धेश्वराला निघायचं, हिच्या हातचं ताक प्यायचं, की उंबऱ्यातच ह्यांच्या उजव्या हातातला तांब्या पडतो. तोंडातनं शब्द न्हाय. आडवं करून, डोक्याला बांधलेला रुमाल सोडून वारा घातला की मग बोलत्यात."

"ताक सोमवारीच?"

"रोज देते की," गिरिजा म्हणाली. "उरलेलं मीच पिते."

"पिल्यागत करत असंल," रामहरी कुजबुजला.

सासरे चन्नप्पा गादीवर बोडक्यानं बसले होते. दुकान मुलाकडं सोपवल्यापासून त्यांचं बाहेर जाणं ते सोमवारचंच. "घरात लई बरा असतो बघा," ते म्हणाले.

महादेवप्पांनी छाती तपासायची नळी काढून त्यांच्या मानेला लावली. मग ती रामहरीच्या कानांत दिली.

"काय ऐकतोस?"

"डावीकडं शीळ वाजतीय. उजवीकडं न्हाय."

"आता कानशिलं चाचप."

डावीकडची नस दोरीसारखी फुगून उडत होती. तिच्यावर आडवा वळ. उजवी जेमतेम बोटाला लागली.

"रुमाल कोण बांधतं?"

"मी," बसव्वा म्हणाली. "सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत ह्यांचा रुमाल सुटला, लोक हसले. तवापासनं मीच आवळून बांधते."

महादेवप्पांनी मांडी घातली. "रामहरी, रोजच्या ताकातलं विष सोमवारीच कसं चढतं? आणि विषानं एकच हात का पडावा?"

रामहरीनं कानांतली नळी काढून खाली ठेवली.

"बरं, मळ्यातला मोठा पाट गाळानं बुजत आला, तर पाणी काय करतं?"

"बाजूच्या चारीनं वाट काढतं."

"तसंच हे. मेंदूला रक्त नेणारी डावी नळी मानेत अरुंद झालीय, म्हणून शीळ. रक्तानं कानशिलावरून आडवाट धरली, म्हणून ती नस फुगली. परदेशात डोक्यातल्या नसांचे फोटो काढतात म्हणे. आपल्याकडे बोटं आहेत. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, बोलणंही. सोमवारी आडवाटेवर रुमाल आवळला की पाणी तुटलं. रुमाल सोडला की आलं."

बसव्वा स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "म्हंजी मीच?"

"मायेनं केलंत. आता सैल टोपी घाला त्यांना. आणि मोठ्या डॉक्टरला दाखवा; नळी अरुंद आहे ती आहेच."

बसव्वा उठली. गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं, बोचकं आत नेलं आणि रिकामा वाडगा घेऊन सुनेपुढं उभी राहिली.

"मला दे ताक. सगळ्यांदेखत पिते."

गिरिजानं ओतलं. वाडगा थरथरत होता. सुनेच्या हातानं की सासूच्या, हे कोडं मात्र रामहरीला आजवर सुटलेलं नाही.