‘साइन’चा सोयीचा अर्थ

मी हसले, तिथून सगळं सुरू झालं.

रुग्णालयात मी खुणांच्या भाषेची दुभाषी होते. ऐकू न येणारे रुग्ण आले की त्यांच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये बसायचं, हे माझं काम. त्या दिवशी माझा रुग्ण आलाच नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंच्या उघड्या दाराशी मी रेंगाळत होते. आत एक कर्णबधिर बाई आणि त्यांचा मुलगा बसले होते.

“गाठीचं साइन चांगलं नाही,” डॉक्टरीणबाई मुलाला म्हणाल्या. “ऑपरेशन लवकर करायला हवं.”

त्याने डॉक्टरीणबाईंकडे बघून मान हलवली. मग आईकडे वळून त्याने हातांनी सांगितलं – तुझी सही चांगली नाही, म्हणतायत.

आईच्या भुवया चढल्या. माझी सही? काय वाईट आहे तिच्यात?

मला हसूच फुटलं. त्याने वळून पाहिलं… आणि त्याचे भेदरलेले डोळे बघून मी तोंडावर हात दाबला. त्याची चूक झाली नव्हती. तो आईपासून लपवत होता.

थोड्या वेळाने त्याने मला व्हरांड्यात गाठलं. अंगावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा करडा गणवेश, मनगटावर ग्रीसचा डाग.

“तुम्हाला कळलं?”

“साइन म्हणजे सही. साइन म्हणजे खूणही. पण डॉक्टरांच्या तोंडी आलं, तर लक्षण. तुम्ही आपला सोयीचा अर्थ उचललात.”

“चालताबोलता शब्दकोशच की तुम्ही!”

“बोलता कुठला? हातवारे करणारा.”

तो हसता हसता राहिला. “बाबा गेले तेव्हा कित्येक महिने तिने शिलाई मशीनला हात लावला नाही. कॅन्सर म्हटलं तर खचेल हो ती. तुम्ही तिला…”

“मी आपणहून जाऊन सांगणार नाही. पण मला मध्ये बसवलं, तर जे बोललं जाईल ते सगळं सांगेन.”

“आणि मी हातापाया पडलो तर?”

“तर तेही सांगेन.”

“बापरे! तुमच्याबरोबर संसार करणं अवघड आहे.”

“तुम्हाला कुणी बोलावलंय?” मी फटकारलं खरं… पण कान तापले होते.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनच्या संमतीवर सही घ्यायची होती. त्या वेळी दुभाषी म्हणून नातेवाईक चालणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं आणि मध्ये मी बसले. तो खिडकीपाशी उभा होता. एकदाच त्याने माझ्याकडे पाहिलं. नका ना… एवढंच होतं त्या नजरेत. त्या नजरेसाठी मी काहीही केलं असतं – फक्त हे सोडून.

मी सगळं सांगितलं. गाठ कॅन्सरची आहे. अजून पसरलेली नाही. आत्ता काढता येईल; उशीर झाला तर सांगता येत नाही.

आईचे हात मांडीवर निपचित पडले होते. मग ते हात सावकाश उठले. माझे हात शाबूत राहतील ना? मला शिवायचं असतं.

“राहतील,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तशी ती माउली मुलाकडे वळली, आणि तिचे हात असे सुटले की ते मोठ्याने बोलून दाखवताना मला धाप लागली. “गाढवा! आठवडाभर सही गिरवत बसले मी! वाटलं, माझा हातच बिघडला!”

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. आईने झोकात सही केली, आणि माझ्याकडे न बघताच तो बाहेर पडला.

ऑपरेशनच्या दिवशी तो बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला.

“बोलायचंच नाही का?” न राहवून मी विचारलं.

“काय बोलू? तुमचं बरोबर होतं म्हणायला ती आधी बाहेर तर येऊ दे.”

ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा काही केल्या विझेना… शेवटी विझला. आईला बाजूच्या खोलीत आणल्यावर नर्सने फक्त त्याला आत घेतलं आणि काचेचं दार लागलं. माझं काम संपलं होतं. पर्स खांद्याला होती, पाय मात्र निघेनात.

काचेपलीकडे तो पलंगावर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग दारापाशी आला, डोळे पुसले, आणि हात हलले – गाठ पूर्ण निघाली.

मी कपाळ काचेला टेकवलं. पुन्हा वर पाहिलं, तर तो तिथेच होता. हात अर्धवट उचललेले…

तुमच्यावर रागावलो होतो.

दिसत होतं, मी खुणेने म्हटलं.

रागात असूनही रोज व्हरांड्यात तुम्हालाच शोधत होतो. मला तुम्ही आवडता. खूप. आणि… मी?

दिवसभर दुसऱ्यांचे शब्द वाहणारे माझे हात! स्वतःचं सांगायची वेळ आली, तर पर्सचा पट्टाच सोडेनात. कसेबसे उचलले.

तुम्हीही. खूप.

त्याच्या खांद्यामागून, उशीवरून, दोन अर्धवट उघडे डोळे थेट माझ्या हातांकडे बघत होते. सलाईन लावलेला एक हात हलकेच वर आला.

हळू बोला. मला सगळं ऐकू येतंय.