निम्मं-निम्मं

आमच्या अतिदक्षता विभागात इतकी हसणारी बाई मी कधी पाहिली नव्हती. धाकटी बहीण जंतुसंसर्गाने बेशुद्ध, सुई टोचली तिथून रक्त झिरपतंय, आणि थोरली उशाशी बसून तिलाच दटावतेय, "ऊठ गं आळशे! माझा निळा स्वेटर ढापलायस, आधी तो परत कर."

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. संसर्गाने अंगभर बारीक गुठळ्या होतात, रक्त गोठवणारी द्रव्यं त्यातच संपतात, मग हवं तिथे रक्त थांबत नाही. उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. जगली तर दोन्ही कापावी लागणार होती.

थोरलीचं हसू क्षणभर मावळलं. "दोन्ही नाही. आमचं लहानपणापासून सगळं निम्मं-निम्मं, डॉक्टर. खाऊ, गोवर, आईचा मारसुद्धा!"

खाटेशेजारी मी एक साधी चाचणी करतो. एका काचेच्या नळीत रुग्णाचं रक्त, दुसरीत तुलनेसाठी निरोगी माणसाचं. जरा वेळाने कलंडवून रक्त गोठलं की नाही ते बघायचं. दुसऱ्या नळीत मी नेहमी माझंच रक्त घेतो. त्या दुपारी थोरलीने बाही वर सारली.

"तुम्ही आधीच फिक्कट दिसता. माझं घ्या."

नळ्या कलंडवल्या. धाकटीचं रक्त घट्ट गोठलेलं. थोरलीचं पाण्यासारखं वाहिलं.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार. मी नर्सवर उगाच डाफरलो, स्वतः नावं लिहून पुन्हा चाचणी केली.

दोन्ही नळ्यांत रक्त निम्म्यापर्यंतच गोठलं होतं. अगदी सारख्या रेषेवर.

थोरलीच्या दंडावरचा कापूस लाल होत चालला होता. "थांबेल हो," ती हसून म्हणाली.

आणि धाकटी सुधारली! डोळे उघडले, श्वासाची नळी निघाली, आणि पहिला शब्द काय, तर "स्वेटर माझाच आहे." अख्खा विभाग खदखदून हसला. मीसुद्धा, ज्याची न हसण्याबद्दल ख्याती आहे, डोळे पुसत होतो. शेजारचं बोट कापावं लागलं, पण करंगळी पुन्हा गुलाबी झाली. सर्जन डोकं खाजवत राहिले.

घरी जायच्या दिवशी धाकटी चाकांच्या खुर्चीत बसून पुढे गेली. थोरली दाराशी विभागात घालायच्या आमच्या चपला काढून स्वतःचे बूट घालत होती. उजवा मोजा पायातून निघाला.

तिची करंगळी काळी होती.

"चल ना गं!" धाकटीने हाक मारली.

"आले, आले!" तिने मोजा पुन्हा चढवला आणि ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत हसली.